स्पेनच्या गावचा पाट
इतिहासात माझा हात कुणी धरू शकत नाही. चौथीत मी नापास झालो तोही इतिहासातच. पण एका पाटाचा इतिहास मला पाठ आहे. परवा हॉटेलमागची मोरी उपसताना गाळाचा वास आला आणि आयर्लंडमधल्या किलकेनीत शेफ होतो तेव्हाचा लॉकडाऊन आठवला. माझा रूममेट स्पेनच्या एका खेड्यातला. तो सांगायचा, पूर्वजांनी डोंगरातून शेतांसाठी पाण्याचा पाट आणला, दर वर्षी अख्खं गाव पाटात उतरून गाळ काढायचं. आता नुसते म्हातारे उरलेत, गाळ काढायला कुणी नाही, म्हणून यंदा शेतांना पाणी नाही. मी म्हटलं, "मग इथे बसून रडतोस काय? जा की!" विमानं सुरू झाली तसा गेला, चार मित्रांनाही ओढून नेलं. महिन्याने त्याचा व्हिडिओ कॉल आला, पाटात खळाळतं पाणी. मी पोट सावरत ऐटीत म्हटलं, "पुढच्या वर्षी मीही येतो उपसायला." तो म्हणाला, "नको रे शेफ, पाट अरुंद आहे. तू अडकलास तर पाणी तुंबेल."