प्रेमराजची मूठ

रविवारची रजा मागावी लागते, असं पूर्वी कुणी सांगितलं असतं तर प्रेमराज पोट धरून हसला असता. धुळ्यातल्या बियाणे कंपनीत चिकटल्यापासून त्याचं हसू आटलं होतं. सगळ्या तालुक्यांचे रिपोर्ट जुळवायचं काम त्याच्या गळ्यात, आणि योगराज साहेबांना रिपोर्टची आठवण व्हायची ती नेमकी शनिवारी संध्याकाळी.

"साहेब, उद्या घरी कानबाई देवी बसतेय."

"मग जा की! रविवारच आहे," साहेब उदार झाले. "फक्त अकराच्या मीटिंगला लॅपटॉप उघडून बस."

साक्रीच्या पुढे त्याच्या गावात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. हे साहेबांना दर श्रावणात सांगावं लागे आणि दर श्रावणात ते नव्याने चकित होत. मग प्रेमराज मुकाट धुळ्यात राही. अशा तीन कानबाया हुकल्या. त्याबद्दल बक्षीस काय, तर 'टीममध्ये मिसळत नाही' हा शेरा!

यंदा त्याचं डोकंच फिरलं. "मीटिंगला मी नाही. काय करायचं ते करा," असं तोंडावर सांगून तो सकाळच्या एसटीत बसला. कुसुंब्यापर्यंत तो सारखा फोन बघत होता. नेर सोडल्यावर मात्र कडकडून भूक लागली, रोटांची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ घ्यायची, तेवढ्याचेच रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे, अशी कानबाईची रीत.

घरी पंगत बसत होती. त्याला पाहून आई, तानुबाई, आनंदण्याऐवजी गोरीमोरी झाली.

"तीन साल तुना रोट उरना, भाऊ. फेकता बी येस नही, दुसराले देता बी येस नही. म्हनीसन यंदा तुनी मूठ टाकीच नही."

प्रेमराजला संताप आला. आईचा, साहेबांचा, त्या मेल्या रिपोर्टांचा. पण भांडायचं कुणाशी? नोकरी पणाला लावून आला होता तो, आणि घरातल्या पुरुषांत त्याला कुणी धरलंच नव्हतं.

तानुबाईने आपल्या वाट्याचा रोट मोडून अर्धा त्याच्यापुढे ठेवला.

"पुढला साल टाकू का तुनी मूठ? खरं सांग."

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला. रेंज नव्हती. आईने तो हात पाहिला आणि ती वरण वाढायला पुढे गेली.