लंगडणारी मेंढरं

आष्ट्यात आमच्या माडीवर अमृतदादा भाड्यानं राहायचा. मूळचा म्हसवडचा, मेंढपाळांच्या घरातला. पण इथं कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. गावात विंडोज सोडून लिनक्स वापरणारा तो एकटाच, म्हणजे त्याबद्दल बोलायलाही एकटाच. क्लासातली पोरं विचारायची, "सर, ह्यात गेम हाय का?" न्हाई म्हटलं की विषय संपला.

नव्व्याण्णवच्या थंडीत त्याचे वडील, आप्पासो, दादा त्यांना आबा म्हणायचा, कळप घेऊन आष्ट्याच्या शिवारात उतरले. जाळीची वाघर लावून खतासाठी या शेतात मेंढरं बसवायची, त्या शेतात बसवायची आणि पुढं सरकायचं. घरी परतायचं ते थेट आखाडात. अमृतदादानं पडद्यावर त्यांचाच कळप काढला होता, चालता. घर सोडून पोरगं करतंय काय, हे बापानं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची आस.

आप्पासो आले. घोंगडी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकले. मेंढरं निघाली. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब.

"आरं, ही लंगडत्यात की!" आप्पासोंचा आवाज नाकात सुरू व्हायचा आणि छातीत संपायचा. "खुरकूत झालंय. औषध घाटलंस का न्हाई?"

"आवं आबा, चित्तर हाय ते. मशीन हळू चालतंय."

"आसंल. पर लंगडत्यात." ते उठले. "परवा म्होरं निघायचं हाय."

दादा त्या दिवशी जेवला नाही. कर्नेल म्हणजे मशीनचा आतला कारभारी. तो चित्राचा एकेक ठिपका पडद्याकडं सुटा धाडत होता. ठिपके गोळा करून गठ्ठ्यानं धाडायची सोय होती, पण ती चालू करायची तर कर्नेल नव्यानं बांधावा लागायचा. दादानं बांधला. पडदा काळा. परत बांधला. मशीन कुरकुरायचं आणि हा त्याला समजवायचा, "व्हय बाबा, व्हय."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मेंढरं सरसर चालली. दादा पळत जाऊन आप्पासोंना घेऊन आला.

"काय केलंस रं?"

"वाघरीच्या जाळीतनं एकेक मेंढरू सोडत हुतो आबा. आता घोळकाच सोडला."

आप्पासो हसले. "आसं व्हय!" मग उभ्यानंच बघत राहिले.

"पाय बरं झालं. पर ह्यांच्या मागं कोन हाय?"

"कोन न्हाई."

"मंग एकटी कशी सोडलीस?"

त्यांना बसायला सवड नव्हती; खऱ्या कळपापाशीही कुणी नव्हतं.

सकाळी शिवारात नुसत्या लेंड्या. दादानं पडद्यावर मेंढरांमागं एक घोंगडीवाला काढला. तो कुठं अडखळत नव्हता. उजव्या कडेनं गेला की लगेच डावीकडनं परत यायचा.

मी आपली मजा म्हणून दारातनंच आवाज नाकात धरला आणि छातीत सोडला, "आरं, औषध घाटलंस का न्हाई?"

दादानं मान वळवली नाही. पडद्याकडंच बघत म्हणाला, "परत म्हण."