कव्हरं काढली तेव्हा

आमच्या गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची कव्हरं काढून पोत्यात भरली, त्याला आता काही महिने झाले. माझा राग अजून गेलेला नाही. घरात सांगावं तर म्हणतील, कागदच होता ना. म्हणून इथे लिहिते.

आधी कव्हरांचं सांगते. जुने ग्रंथपाल होते तेव्हा बायांची वेळ दुपारची असे. माणसं शेतात, पेपर वाचणारे घरी आडवे झालेले. आम्ही सरळ आत कपाटांपाशी जायचो. पुस्तकं फाटायला लागली तेव्हा ग्रंथपालांनी आम्हालाच सांगितलं, नेलेलं पुस्तक कव्हर घालून आणा. पोरांच्या वह्यांमुळे ते काम प्रत्येकीच्या हातात बसलेलंच होतं. बियाण्याच्या दुकानातून मिळणारी कॅलेंडरं घरोघरी होती. चित्र आत, पांढरी बाजू बाहेर. पांढरा कागद असा समोर आला, तर कोणीतरी लिहिणारच. सुरुवात कोणी केली माहीत नाही, पण वाचून झालं की पुढच्या बाईसाठी कव्हरावर दोन शब्द लिहायचे अशी रीतच पडली. पुस्तकाचं नाव कोणी लिहायचं नाही. ते आत असतंच.

‘शेवटी ती मरते, आधीच सांगून ठेवते.’ ‘अक्षर मोठं आहे, चष्मा नको.’ ‘बाळंतिणीला देऊ नका.’ ‘सुरुवात रटाळ, दम धरा.’ एकीने लिहिलं होतं, ‘यातला नवरा आमच्याकडच्यासारखा आहे.’ त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘आमच्याकडच्यासारखापण.’

माझी शाळा चौथीपर्यंत. वस्तीवर तेवढीच होती. वाचायला येतं, पण सावकाश, आणि मोठी जोडाक्षरं लागोपाठ आली की मी थांबते. चुकीचं पुस्तक आणलं तर ते कोनाड्यात पडून राहतं आणि मलाच अपराध्यासारखं वाटतं. कव्हरावरचं वाचून मला कळायचं की हे मला झेपेल. लेखकाचं नाव मी कधी बघितलं नाही. इतकी वर्षं त्यावाचून माझं काही अडलं नाही.

मग ग्रंथपाल थकले, लेकाकडे राहायला गेले. वाचनालयाला कॉम्प्युटर आला, भोकरदनहून एक ऑपरेटर यायला लागला. कॉम्प्युटरवर माझा राग नाही. कोणतं पुस्तक कोणाच्या घरी अडकलं आहे हे त्याला एका क्षणात कळतं, ते चांगलंच आहे. पण प्रत्येक पुस्तकाला काळ्या रेघांची पट्टी चिकटवायची होती आणि ती मूळ पुठ्ठ्यावरच पाहिजे होती. म्हणून कव्हरं फाडली. कपाटांच्या पुढे जाळी बसवली. आता बाहेर उभं राहून पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगायचं, तो इंग्रजी अक्षरांत टाकणार, मग आतून आणून देणार. बायांची वेगळी वेळही गेली, कारण ऑपरेटर संध्याकाळीच येतो आणि तेव्हा ओट्यावर पेपर वाचणारे बसलेले असतात.

मी धाकट्या जावेला घेऊन गेले. एकटीने जायची माझी छाती नव्हती.

“नाव सांगा काकू,” तो म्हणाला.

मला विहिरीवरच्या दोन बहिणींचं पुस्तक परत वाचायचं होतं. कव्हरावर ‘दोनदा वाचावं’ लिहिलेलं. मी जावेच्या कानात सांगितलं, तिने मोठ्याने सांगितलं, “विहिरीचं हाय. दोघी बहिणी हाईत त्यात.”

“लेखक?”

“बाईनंच लिहिलं असंल. बाप्याला काय कळतंय त्यातलं.”

ओट्यावरचे हसले. त्याने विहीर टाकलं, आत गेला आणि एक पातळ पुस्तक घेऊन आला. वर पंपाचं चित्र. विहीर पुनर्भरणाची माहिती.

“एवढंच दाखवून राह्यलं,” तो म्हणाला. “देऊ?”

नको म्हणायचं होतं. मागे माणसं होती. मी मान हलवली आणि ते घेऊन घरी आले. वाटेत जाऊ म्हणाली, “चला, आता एक विहीर तरी घेऊ पाडून.” मला हसू आलं नाही. घरी येऊन मी भांडी इतक्या जोरात घासली की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, काय फुटलं?

तेव्हा मला नीट कळलं की माझं वाचणंच बंद पडणार. तिथे नाव विचारणार आणि मला नावं माहीत नाहीत. ज्या कागदावरून मला पुस्तकं कळत होती तो कागद पोत्यात होता.

वाचनालयाचे सचिव माझे चुलत थोरले दीर. त्यांच्यासमोर आम्ही सुना बोलत नाही, तेही आमच्याशी सरळ बोलत नाहीत. बोलायचं ते जावेमार्फत, कारण तिच्या माहेरच्या नात्याने ते तिचे मामा लागतात. आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर गेलो. मी पदर ओढून खांबाशी उभी राहिले.

“कव्हरांचं पोतं मागून राह्यल्या या,” जाऊ म्हणाली.

“तिला म्हणावं, ते भंगारवाल्यानं नेलं. वाळवी लागत होती त्या कागदाला.”

“मंग आत तरी जाऊ द्या म्हणत्यात. कपाटापाशी.”

“तिला म्हणावं, आता सगळं स्टँडर्ड करून राह्यलो आम्ही. शासनाचा नमुना हाय. बायांनी हात लावला की नंबर इकडचे तिकडं होतेत. उद्या संभाजीनगरात बसून कोणी बघितलं तरी आपलं पुस्तक बराबर दिसलं पाह्यजे.”

संभाजीनगरात बसलेल्याला दिसलं पाहिजे. मी जाळीपाशी उभी राहते, मला दिसायला नको. मला राग आवरेना. जाऊ माझ्याकडे बघत होती, काय सांगू म्हणून. मी तिला काही सांगितलंच नाही. त्यांच्याकडे बघून बोलले.

“मला नावं माहीत न्हाईत पुस्तकांची. मला पुस्तक उघडून बघावं लागतं, चार ओळी वाचाव्या लागतात, मंग कळतं मला जमंल का न्हाई. तुम्ही कव्हरं इकली, आम्हाला इचारलंबी न्हाई. आता आत जाऊ द्या.”

ते जावेला म्हणाले, “काय म्हणती ती?”

“ऐकलं की मामा तुम्ही,” जाऊ म्हणाली. “मी कशाला परत सांगू?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग भिंतीकडे बघून म्हणाले, “बुधवारी दुपारी पाठवतो त्याला. एक घंटा. तिला म्हणावं, काढलेलं पुस्तक परत कपाटात घालायचं न्हाई. खाली ठेवायचं. तो लावील नंबरानं.”

बुधवारी गेले. जाऊ कापूस वेचायला गेली होती, म्हणून एकटीच. ऑपरेटरने जाळीचं कुलूप काढलं आणि खुर्चीत मोबाइल बघत बसला. आत सगळ्या पुस्तकांचे पुठ्ठे उघडे, एकसारख्या पांढऱ्या चिठ्ठ्या, वर इंग्रजी आकडे. माझ्या ओळखीचं एकही दिसेना. इतक्या बायांनी इतकी वर्षं एकमेकींना जे सांगितलं होतं, त्यातलं अक्षर उरलं नव्हतं. रडू येईल असं वाटलं होतं, पण रागच आला.

मी खाली बसले. पहिल्या कपाटाच्या खालच्या फळीपासून सुरुवात केली. एक काढायचं, मधलं पान उघडायचं, वाचायचं. नाही जमलं की खाली ठेवायचं. घाई केली नाही. मला घाई करता येतही नाही. माझ्या भोवती ढीग झाला, मग दुसरा.

“काकू, घंटा झाला,” तो म्हणाला. ढिगांकडे बघून त्याचं तोंड उतरलं. “एवढी सगळी मला लावावी लागतील.”

“लावा,” मी म्हणाले.

“भोकरदनची गाडी हाय माझी.”

“दुसरी येईल.”

तो दारात उभा राहिला. मी दुसऱ्या फळीवरचं पहिलं पुस्तक काढलं.