शेजारचं पाणी

“आधी शेजारी पाणी मागू, मग भिंती बघू.”

ताईबाईचं हे बोलणं दौंडच्या रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत लहानथोरांना पाठ होतं. कुणी पोरगी बघायला निघालं तरी टवाळ पोरं म्हणायची, “आबा, आधी शेजारी पाणी मागा, मग नवरी बघा.” ताईबाई ऐकायची आणि पदर सावरत म्हणायची, “मागा की. खोटं हाय का?”

सीमा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिलाही सासूचं हे बोलणं म्हणजे म्हातारीचं एक खूळ वाटलं होतं. पुढं काय झालं, ते सांगायचं आहे.

ताईबाई मूळची भीमेकाठच्या वडगाव रासाईची. नवरा लवकर गेला. पोरगा धम्मदीप तेव्हा पाळण्यातून नुकता उतरला होता. त्याला कडेवर घेऊन ती कुरकुंभला आली आणि एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. काम मिळालं, पण खोली मिळेना. आधी लोक नाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव कळलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. असे कितीतरी उंबरे झिजवल्यावर एके दिवशी तिनं ठरवलं, भाड्याची खोली बघायचीच नाही. विकत घ्यायची. मग ती कुठंही असो.

ती मिळाली फाटकापलीकडं. तिकडं जायला रिक्षावाले तयार नसायचे. दारू गाळणारे, भंगार उचलणारे, पोलिसांना तोंडपाठ असलेली चार-दोन घरं, अशी त्या वस्तीची ख्याती. म्हणूनच घरं स्वस्त. पत्र्याची एक खोली विकायला होती. ताईबाईनं ती बाहेरूनच बघितली आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

“बाई, जरा पाणी देता का प्यायला?”

शेजारीण रंगुबाई खाणीवर दगड फोडायला जायची. तिचा चेहरा पडला. “पाणी न्हाई गं बाई. टँकरच आला न्हाई.” मग लगबगीनं म्हणाली, “पर तू बस. शेळीचं दूध हाय. चहा करते.”

पाण्याचा थेंब नसलेला तो निव्वळ दुधाचा चहा ताईबाई आयुष्यभर वाखाणत राहिली. घशाखाली उतरत नव्हता म्हणायची, इतका घट्ट. पण तेवढ्या चहावर तिनं घर घेतलं. घरात पाणी नाही याची जिला लाज वाटते, तिच्या शेजारी राहायला काय हरकत आहे, एवढाच तिचा हिशेब. पुढं तिनं आणि रंगुबाईनं वस्तीतल्या बाया गोळा करून कचेरीत इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाई त्यांना बघून स्वतःच म्हणायचा, “साहेब, नळवाल्या आल्या.” नळ आला. नळ आला तसे भाडेकरू आले. कुरकुंभला शिफ्ट करणारी परगावची पोरं, हंगामात पाटसच्या कारखान्यावर ऊस आणणारे ड्रायव्हर, दवाखान्यातल्या नर्सा. कँटीनच्या पगारातून आणि पहिल्या खोलीच्या मागं बांधलेल्या दोन पडव्यांच्या भाड्यातून ताईबाईनं त्याच ओळीत दुसरं घर घेतलं.

एकदा ती फसलीसुद्धा. पाटसच्या रस्त्याला एक जागा बघायला गेली, तर शेजाऱ्यानं लिंबू सरबत दिलं, वर पंखा लावला. ताईबाई हुरळली आणि जागा घेऊन बसली. सहा महिन्यांत त्या शेजाऱ्याची भिंत हिच्या जागेत आली. जागा पडेल भावात विकून ती परत आली आणि तेव्हापासून सांगायची, “सरबत दिलं की पळून यायचं. पाणी मागितलं तर पाणीच द्यावं माणसानं.”

दुसरं घर घेतलं त्याच वर्षी धम्मदीपचं लग्न झालं. खरेदीखताच्या दिवशी ताईबाईनं नव्या सुनेला सोबत नेलं आणि तिथं म्हणाली, “सही कर.”

“मी कशाला, आत्या?”

“घर तुज्या नावावर करतीय म्हणून. माझ्या नावावर पयलं घर झालं, तवा कुठं मला निवांत झोप लागली. तुलाबी लागू दे.”

सीमाच्या माहेरी घरावर आईचं नाव कधी लागलं नव्हतं. आजीचं तर शिधापत्रिकेवरसुद्धा चुकीचं होतं. तिनं सही केली. घरी येऊन ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. बाहेरून ताईबाई म्हणाली, “रड, पर नळ बंद कर. आपुन लई कष्टानं आणलाय.”

अशी वर्षं गेली. धम्मदीप कुरकुंभला ऑपरेटर झाला, सीमा तिथंच पॅकिंगला लागली. आणि मग तिला एक गोष्ट टोचायला लागली. कंपनीच्या बसमध्ये बाया विचारायच्या, “कुठं राहता?” ती म्हणायची, “दौंडला.” “दौंडला कुठं?” यावर ती खिडकीबाहेर बघायची. फाटकापलीकडं म्हटलं की बाया पर्स जवळ ओढून घेतील, असं तिला वाटायचं.

अशात धम्मदीपच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. शिरूरच्या बाजूला हायवेलगत रो-हाऊस. कमान, बाग, झोपाळे. त्यानं ठरवलं, घ्यायचं एक. भाड्यानं द्यायचं, भाव चढला की विकायचं. त्यासाठी हातात रक्कम हवी, आणि ती उभी राहणार होती सीमाच्या नावावरचं घर विकून.

“आईचं घर आपल्याला राहायला हाय. तुझं मोकळं होतंय,” तो म्हणाला. “पर तू म्हणशील तसं. नाव तुझं हाय.”

सीमानं सासूकडं बघितलं. ताईबाई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्याकडं काय बघती? तुझं घर हाय. ठिवायचं तर ठिव, इकायचं तर इक.”

सीमाचा त्या घरावर जीव होता आणि तिला त्या पत्त्याची लाज होती. दोन्ही खरं होतं. ती म्हणाली, “बघून तर येऊ.”

“मलाबी न्या,” ताईबाई म्हणाली. “झोपाळा हाय म्हंत्यात.”

एजंट सत्यजीत पांढरी गाडी घेऊन न्यायला आला. तिघांना बसवून निघाला, तो फाटकाशीच अडकला. मालगाडी येत होती. तो काच खाली करून म्हणाला, “मावशी, रोज असं थांबायला लागतं? आमच्या साईटला या, फाटक-बिटक काही नाही.”

“बरं हाय,” ताईबाई म्हणाली. “पर फाटक लागलं की चार माणसं थांबत्यात, बोलत्यात. तुमच्यात मग बोलायला कुठं थांबत्यात?”

सत्यजीत हसला. पोरगा गोड होता. न्हावऱ्यावरून जाताना त्यानं तिघांना उसाचा रस पाजला आणि ताईबाईला पुढच्या सीटवर बसवलं.

जागा खरंच देखणी होती. सोनेरी अक्षरांची कमान, दोन्हीकडं सारख्या रंगाची घरं, फरशी अशी की तोंड दिसावं. ताईबाई झोपाळ्यावर बसली आणि पायानं झोका घेत म्हणाली, “सीमे, छान हाय गं. घे.”

सीमा स्वयंपाकघरात उभी होती. ओट्याचा दगड काळाभोर, खिडकीतून ऊन आत आलेलं. तिनं ओट्यावर हात ठेवला आणि मनात भांडी लावून पाहिली. बसमधल्या बाया तिला दिसल्या. “कुठं राहता?” “दौंडला. पण शिरूरला रो-हाऊस हाय आमचं.” तिचं मन जवळजवळ ठरलं होतं.

एवढ्यात ताईबाई उठली. “आलेच. जरा पाणी मागून येते.”

“आई, गाडीत बाटली हाय की,” धम्मदीप म्हणाला.

“बाटलीला काय विचारायचं असतंय?”

सीमाला लाज वाटली. इथंही! अशा लोकांत! ती सासूला आवरायला मागं धावली. पण ताईबाईनं शेजारचं दार वाजवलं होतं. कुणी आलं नाही. तिनं पुढचं वाजवलं. त्यापुढचं. मग रस्ता ओलांडून समोरच्या ओळीतलं. कुठूनच आवाज नाही. ताईबाई दारोदार पुढं जात राहिली आणि सीमा तिच्या मागून. आता सीमाला दिसायला लागलं. उंबऱ्यांवर धूळ साचलेली. एका दाराच्या कडीत चिमणीनं घरटं बांधलेलं. घराघराच्या खिडकीला ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी, उन्हानं अक्षरं उडालेली. कुठं चप्पल नाही, कुठं दोरीवर धुणं नाही. फोडणीचा वास नाही. भांडणाचा आवाज नाही.

कमानीशी वॉचमन गोकुळ खुर्ची टाकून बसला होता. बिहारकडचा माणूस. त्यानं आपली बाटली पुढं केली. “अम्मा, पानी तो मेरे पास ही है. पी लो. इधर और कौन देगा?”

“समदी कामाला गेल्यात का, बाबा?”

“कौन गया? कोई रहता हो तब ना. सबने लेके रख दिया है, भाड़े के लिए. भाड़ेवाला आता नहीं. मैं तो दीवारों से बात करता हूँ.”

ताईबाई पाणी प्याली. मग तिथंच पायरीवर बसून तिनं गोकुळला त्याचं गाव विचारलं, पोरं किती ते विचारलं. घराबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. सीमाकडंही बघितलं नाही.

सत्यजीत पळत आला. “वहिनी, ते मनावर घेऊ नका. इन्व्हेस्टमेंट आहे ना ही? राहायला माणसं कशाला पाहिजेत? भाव वाढल्याशी कारण.”

सीमा बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिली. घरासारखी घरं, रंगानं सारखी, आणि सगळीच कुणाची तरी वाट बघत असलेली. तिला वाटलं, आपलं आणखी एक कुलूप इथं लागेल, तेवढंच. फाटकापलीकडच्या तिच्या घराला गेल्या कितीतरी वर्षांत कुलूप लागलंच नव्हतं. एक भाडेकरू निघायच्या आधी दुसरा विचारून जायचा.

“भाऊ,” ती म्हणाली, “उद्या मला विकायचं झालं तर घेणार कोण? हेच सगळे तर विकायला बसलेत.” मग धम्मदीपकडं वळून, “मी माझं घर देणार न्हाई, अहो.”

धम्मदीपनं डोकं खाजवलं. त्यानं पुन्हा एकदा बंद दारांवरून नजर फिरवली. “चिमणीनं पयला नंबर लावलाय म्हणा की,” एवढंच तो बोलला.

परत येताना गाडी पुन्हा फाटकाशी अडकली. फाटक उघडून दाराशी पोचल्यावर सीमा घरात गेली आणि सत्यजीतसाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. तो घटाघटा प्याला, मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “वहिनी, इकडं एखादं स्वस्तात निघालं तर कळवा. आईच्या नावावर घेईन म्हणतो.”

“तुज्या गाडीला फाटक आडवं येतंय न्हवं?” ताईबाई आतून म्हणाली. सत्यजीतसकट सगळे हसले.

पण ताईबाईची गोष्ट तिथंच थांबत नाही. हंगाम संपता संपता वस्तीच्या टोकाचं एक घर निघालं. पोपटराव पाटसच्या कारखान्यातून रिटायर झाले होते आणि लेकीकडं चालले होते. सीमानं आपल्या घराच्या भाड्यातून पैसे बाजूला टाकले होते. घर लहान, पण पक्कं. अडचण एकच. शेजारी सोजराबाई. एके काळी बागायती बघितलेली, आता एकटी राहणारी म्हातारी. जीभ अशी की भाजीवाला तिच्या दारासमोर आरोळी द्यायचा थांबायचा. फाटकाजवळच्या, ताईबाईच्या समाजाच्या ओळीकडं ती कधी फिरकलेली नव्हती.

सीमा ते घर बघायला निघाली त्या दिवशी ताईबाई भावाकडं, म्हाळूकडं, वडगावला निघाली होती. हातात पिशवी होती. तरी टोकापर्यंत सोबत आली आणि गल्लीत थांबली.

“आत्या, तुम्ही मागा ना पाणी.”

“घर कुणाचं व्हणार हाय?”

सीमा दाराकडं वळली. इतकी वर्षं तिला या पाणी मागण्याची लाज वाटली होती. लाजेच्या खाली भीती होती, हे तिला आज कळलं. ताईबाईनं एकदाच सांगितलं होतं, तेही बोलता बोलता. ताईबाईची आजी वडगावात ओंजळ करून बसायची आणि देणारा पाणी वरून सोडायचा. म्हणून ताईबाई बघायची, भांडं हातात देतात का. तेवढं झालं की तिला पुरायचं.

सीमानं दाराशी जाऊन हाक दिली. “आजी, जरा पाणी मिळंल का प्यायला?”

आतून खोकला आला. “कोण गं तू?”

“सीमा. फाटकाजवळच्या ताईबाईची सून.”

 गल्लीत ताईबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“नळवाल्या ताईबाईची?”

“व्हय.”

“मग दारात काय उभी ऱ्हाती? माझं गुडघं उठू देत न्हाईत. माठ त्या कोपऱ्यात हाय. झाकण काढ, बुडव आन् घे. मलाबी आण जरा.”

सीमा आत गेली. माठाचं झाकण काढलं. पेला आत बुडवला तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत गार पाण्यात गेला. पहिला पेला तिनं सोजराबाईंच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेऊन दाराकडं वळली, सासूला दाखवायला.

ताईबाईनं बघितलं होतं. तिनं डोळ्यांना पदर लावला, मान हलवली आणि पिशवी खांद्याला अडकवून फाटकाच्या दिशेनं चालायला लागली. भिंती बघायला ती थांबली नाही.

“गेली व्हय ती?” सोजराबाई भिंतीला धरून दाराशी आल्या. “चहा तरी घ्यायचा.”

 फाटक लागायची घंटा वाजत होती, आणि ताईबाई नेहमीच्याच संथ पावलांनी नळावरून, रंगुबाईच्या दारावरून, दोन्ही घरांवरून पुढं चालली होती. दारात सीमा भरला पेला तसाच धरून उभी होती, शेजारी सोजराबाई, आणि दोघी ती फाटकाच्या गर्दीत मिसळेपर्यंत बघत राहिल्या.