तांब्याचा मूड

चंदीगडच्या चित्रकला कॉलेजात मी शिपाई होतो. वर्गात रिकाम्या बाटल्या साठायच्या, तसे माझ्याकडे किस्से साठले. दोन्ही टाकवत नाहीत.

पहिल्याच दिवशी जोशीसर म्हणाले, "सखाराम, उद्या स्टिल लाइफ लाव." मी शाळा न शिकलेला. घरून दोन स्टीलचे डबे आणून टेबलावर ठेवले! वर्ग हसून लोळला. तेव्हापासून पोरं मला 'स्टीलवाले काकाजी' म्हणायची.

*

मग सरांनी समजावलं. टेबलावर वस्तू मांडून त्यांचं चित्र काढायचं ते स्टिल लाइफ, काय कशाजवळ ठेवायचं ते कॉम्पोझिशन, बघून मनाला जे वाटतं तो मूड. मी हळूहळू शिकलो.

एकदा दिल्लीहून परीक्षक आले. मडक्यापासून लांब एक कांदा होता. म्हणाले, "वाह! क्या अकेलापन है!" टेबलाचा पाय आखूड, कांदा घरंगळला होता. मी सांगायला तोंड उघडलं, तर सर मराठीत पुटपुटले, "गप रे!"

*

प्रदर्शनात मी मांडलेलं टेबल बघून पाहुण्यांनी विचारलं, "ये कॉम्पोज़िशन किसने लगाया?" सर म्हणाले, "जी, मैंने." मी शेजारीच उभा. चहाचा ट्रे धरून!

*

सर एकदा घरी आले आणि आमच्या हिच्या माहेरच्या पितळी तांब्यावर भाळले. ही म्हणाली, "न्या. पण शनिवारी घरी आला पाहिजे."

शनिवारी आणला. सोमवारी नेला, तर वर्गात ओरडा! हरप्रीत नावाची मुलगी रडकुंडीला आली. "काकाजी, ये तो दूसरा लोटा है!" आठवडाभर वर्गात काळवंडलेला तांब्या तिने रंगवलेला. हिने बावीस सेक्टरच्या बाजारातून चिंच आणून तो लख्ख घासला होता!

सर घरी येऊन हात जोडून म्हणाले, "वहिनी, घासू नका हो. मूड जातो."

ही म्हणाली, "भावजी, काळं भांडं बघून लोक म्हणतील, या घरात बाई नाही की काय?"

दर शनिवारी घासतच राहिली. सरांनी नाद सोडला.

*

पुढे सर वर्षभर दिल्लीला गेले. त्या थंडीत हिला न्यूमोनिया झाला. होळीच्या आधी गेली.

सर परत आले, तेव्हा तांब्या टेबलावर होता. मी मांडलेला, एकटाच. सर कितीतरी वेळ बघत राहिले. मग पोरांना म्हणाले, "देखो, इसको कहते हैं मूड!"

आणि माझ्याकडे वळून, खूश होऊन, "काय केलंस रे याला?"

"काही नाही सर. घासला नाही."