धूर जाईल, पण कुठे?

कंपनीनं मला फसवलं आणि मी जुरीबाईला फसवलं. कंपनीला माहीत होतं, मला माहीत नव्हतं, एवढाच फरक. जुरीबाईच्या लेखी तो फरक काहीच नाही. तिच्या दारात सब्बल, म्हणजे पहार, घेऊन मी उभा होतो, कंपनी नव्हती.

चंद्रपूरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या ग्रिल, कूलरचे सांगाडे. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत वेल्डिंग शिकलो. शाळा सातवीपर्यंत. पण समोरचा माणूस खिशात काय लपवतो आहे, ते मला त्याच्या बोलण्यावरून कळतं. निदान तेव्हा तसं वाटायचं.

दोन हजार सात-आठचा काळ. पुण्याचे पाटणकर साहेब दुकानात आले. जीपमध्ये पत्र्याची एक चूल. त्यांच्या कंपनीला भामरागडकडच्या जंगलातल्या गावांत अशा चुली वाटायच्या होत्या. लाकूड निम्मं लागणार, धूर जवळजवळ नाही.

"गावाले कितीले देता?" मी विचारलं.

"फुकट."

"अन् तुमाले काय भेटते?"

"समाधान, रफिकभाई."

"समाधानानं जीपमंधी डिझेल नाई भरत, साहेब."

ते हसले आणि त्यांनी मला ग्रीनहाऊस इफेक्ट समजावला. लाकूड, कोळसा, डिझेल जळलं की धुरासोबत न दिसणारा एक वायू निघतो, कार्बन डायऑक्साइड. तो हवेत साठतो. सूर्याची ऊब आत येते, पण परत जाताना या वायूत अडकते. मग उन्हाळे कडक होतात, पाऊस वेळेवर येत नाही, आला की एकदम कोसळतो.

"म्हणजे उन्हात काचा लावून ठेवलेली जीप," मी म्हणालो.

"अगदी बरोबर!"

हे मला पटलं. आमच्याकडे मे महिन्यात अंगणातल्या पत्र्याला हात लागला की फोड येतो. मी दुकानात लागलो तेव्हा दुपारी बाराच्या जेवणापर्यंत बाहेर वेल्डिंग चालायचं. आता दहाला आत यावं लागतं. दुकानाच्या गच्चीवरून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. मी विचारलं, "साहेब, एवढी मोठी धुराडी सोडून तुमी जंगलातल्या चुलीच्या मागं काऊन लागले?"

"सुरुवात कुठून तरी करायची ना!"

तिथे मला संशय यायला हवा होता. आला नाही, कारण मी पत्र्यावर भांडत होतो. त्यांना वीस गेजचा पत्रा हवा होता. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. मी सोळाच्या खाली यायला तयार नव्हतो. पातळ पत्रा दोन वर्षांत जळून भोकं पडतात, आणि शिव्या मिस्त्रीला बसतात. शेवटी सोळा गेज ठरला. मी जिंकलो म्हणून खुश.

थंडीत आम्ही हेमलकशाच्या पलीकडच्या एका माडिया आदिवासींच्या गावात चुली घेऊन गेलो. दोन अटी होत्या. घरातली जुनी तीन दगडांची चूल फोडायची आणि फोडल्याचा फोटो काढायचा. दुसरी, प्रत्येक घरानं एका कागदावर अंगठा द्यायचा. कागद मराठीत होता, पण कोर्टाच्या मराठीत. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. गेजवर दोन तास भांडणाऱ्या मी तो कागद पुरता वाचलासुद्धा नाही.

गावाचे पाटील लालसूभाऊ माझं बोलणं माडियात सांगत होते. लांबलचक भाषण कुठून करणार? मी म्हणालो, "अंगठा द्या, धूर जाईल."

सगळ्यांनी अंगठे दिले. जुरीबाई मात्र बसून राहिली. साठीची बाई, एकटी राहणारी. तिनं छताकडे बोट दाखवलं. चुलीच्या बरोबर वर, काळ्या पडलेल्या बांबूंना मक्याची कणसं टांगली होती, आणि पानांत बांधलेले वालाचे पुडे.

"ती इचारते, धूर गेला तं बियाण्याचं काय?" लालसूभाऊ म्हणाले.

"धूर डोये खराब करते. बियाण्याले काय करते?"

ती पुन्हा काही बोलली. लालसूभाऊंना हसू आलं. "म्हणते, धूर घरचा हाय. जाईन तं कुठी जाईन?"

"आभाळात जाईन, अजून कुठी!"

सगळे हसले. मीही हसलो. जुरीबाईनं अंगठा दिला. मी सब्बल घातली. शेण-मातीनं लिंपलेली चूल चार घावांत फुटली.

चूल वाईट नव्हती, हे मी आजही सांगेन. माझीच होती ती. बायका म्हणाल्या, डोळ्यांचं पाणी थांबलं, लाकडाच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढं त्या वर्षी पाऊस लागला, पेरण्या झाल्या, आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. एरवी भर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहतं आणि त्या बाजूचा रस्ता बंद असतो. त्या वर्षी जीप धूळ उडवत जात होती. रस्ता उघडा म्हणून कंपनीनं तपासणी त्याच दिवसांत ठरवली. पाटणकर साहेबांचा फोन आला, "एक दिवस आधी जा. जुनी चूल कुठं दिसता कामा नये."

मी गेलो. जुरीबाईच्या घरात माझ्या चुलीच्या शेजारी तीन दगड मांडलेले. ओलं लाकूड धुमसत होतं, आणि घर धुरानं भरलं होतं. मला राग आला. मी सब्बल उचलली.

"काऊन मांडली ही? फोटो काढला होता ना!"

जुरीबाई उठली. तिनं वरचं एक कणीस काढलं आणि माझ्या तळहातावर झटकलं. दाणे पडलेच नाहीत, पीठ पडलं, आणि त्या पिठात काळे किडे चालत होते. वालाचा पुडा सोडला. प्रत्येक दाण्याला भोक.

लालसूभाऊंनी सांगितलं. पहिली पेरणी उगवून वाळली. आता पाऊस आला की दुबार पेरायचं, त्यासाठी हे राखलेलं बियाणं. दरसाल धुरावर टांगलेलं असतं, धूर लागला की कीड धरत नाही. या खेपेला पाच-सहा महिने धूरच नव्हता. जवळजवळ पाऊण गावात हेच झालं होतं. जे थोडं शाबूत होतं, ते वाचवायला तिनं चूल मांडली होती.

"तिनं तुमाले इचारलं होतं, रफिकभाऊ," लालसूभाऊ म्हणाले. आवाज वर केला नाही त्यांनी. केला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी सब्बल जीपमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी पाटणकर साहेब आणि तपासणी अधिकारी आले. अधिकारी दुसऱ्या संस्थेचे, बंगळूरचे, हिंदी बोलणारे. पाटणकर साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"चूल अजून उभी कशी?"

"बियाणं सडलं साहेब. मी नाई फोडत."

"मग म्हणा, जनावरांचं खाद्य शिजवतात. रोज पेटत नाही म्हणा."

अधिकाऱ्यांनी दगडांना हात लावला. गरम होते. त्यांनी मला विचारलं, "ये रोज जलता है?"

मी विचारलं, "जलता है तो आपको क्या तकलीफ है?"

"मुझे क्या तकलीफ? पर इस गाँव का धुआँ तो बिक चुका है."

मला वाटलं, थट्टा करतात. ते थट्टा करत नव्हते. शांतपणे समजावून सांगितलं त्यांनी. नव्या चुलीमुळे जो धूर निघाला नाही, त्याचा हिशेब होतो. त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. ते परदेशातला कारखाना आगाऊ विकत घेतो. मग त्या कारखान्याला आपला तेवढा धूर कमी करावा लागत नाही. आणि चुलीच्या धुरावरचा सगळा हक्क गावानं कंपनीला लिहून दिला आहे, अंगठ्यासकट.

मी पाटणकर साहेबांकडे वळलो. "हेच का तुमचं समाधान?"

"कागद तुमच्यासमोर होता, रफिकभाई. सही तुमची आहे."

"कागद होता. तोंडही होतं ना तुमाले? चार महिने माझ्या दुकानात चाय पेले, तवा काऊन नाई उघडलं?"

लालसूभाऊंनी विचारलं, काय झालं. त्यांना काय सांगणार? मी म्हणालो, "भाऊ, धूर कुठी गेला ते समजलं." मग अधिकाऱ्यांकडे वळून सांगितलं, "हाँ साहब, रोज जलता है. और जलेगा."

त्यांनी तेच लिहून घेतलं.

पुढचं थोडक्यात. कंपनीनं ते गाव यादीतून काढलं. कारण लिहिलं, 'लाभार्थ्यांचे असहकार्य'. माझं उरलेलं काम दुसऱ्याला गेलं. त्याच्या चुली वीस गेजच्या होत्या असं ऐकलं. मी अहेरीच्या बाजारातून मक्याचं बियाणं नेऊन दिलं. जुरीबाईनं ते नाकाशी धरून हुंगलं आणि परत पोत्यात टाकलं. त्याला धुराचा वास नव्हता. नाइलाजानं पेरलं, आणि आठवड्यात इतका पाऊस कोसळला की नाल्याकाठचं शेत त्या बियाण्यासकट वाहून गेलं. त्या वर्षी ती उधारीच्या तांदळावर जगली.

मी शिकलो ते एवढंच: फुकट वस्तूचा कागद विकतच्या वस्तूपेक्षा दुप्पट वेळ वाचावा, आणि ज्याला तो वाचता येत नाही, त्याच्यासाठी मोठ्यानं वाचावा.

त्या कागदाची झेरॉक्स माझ्या दुकानात आहे. जुरीबाईचा अंगठा, खाली माझी सही, आणि सर्वांत वर पाटणकर साहेबांची. माझ्या सहीचा जाब मी तिला दिला आहे, तिच्या अंगणात बसून, तिनं एकदाही मान डोलावली नाही तरी. आता वरच्या सहीनं बोलावं. गाव यादीतून काढलं, मग लिहून घेतलेला धूर परत केला का? आणि तो विकला त्या महिन्यांत कोणाचं धुराडं चालू राहिलं? साहेब, ती अजून मला विचारते, धूर कुठी गेला. मला गावाचं नाव नको, देशाचं नको. त्या कारखान्याचं नाव सांगा.