साडूच्या गादीला तोड

आमच्या कारखान्याचे स्टोअरकीपर मोजल्याशिवाय कुठलाही माल आत घेत नाहीत. खोक्यावर बारा डझन लिहिलेलं असलं तरी खोका फोडून मोजतात, आणि मगच सही करतात. वीस वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. मागून सगळे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे. एकदा तेच मला म्हणाले, “फूटपट्टी बारा इंचांवर संपते हो. मी मेजरटेप आहे.”

असा माणूस गेल्या महिन्यात एका गादीपायी हैराण झाला. म्हणजे खरं कारण गादी नव्हतीच, साडू होता.

झालं असं की त्यांची बायको धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहून आली. वहिनींची पाठ बरीच वर्षं धरते. घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, “अहो, काय झोप लागली तिथं! नवी गादी घेतलीय त्यांनी. सकाळी उठवावं लागायचं मला.”

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरांनी डबा अर्धा परत नेला.

साडू मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवतो. मोठ्यांदा हसतो, दुकानात शिरतो, समोर दिसेल ती वस्तू उचलतो. “आणि ती टिकते!” स्टोअरकीपर म्हणाले. “त्याचा फ्रिज अकरा वर्षं चाललाय. मी सात दुकानं पालथी घालून आणलेला दोनदा दुरुस्तीला गेला. आता त्याच्याच गादीवर हिला झोप लागावी?”

कोणती गादी, कुठून घेतली, हे साडूला विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. पण त्यांना विचारायचं नव्हतं, त्याहून चांगली आणायची होती. बायकोनं पुन्हा बहिणीकडच्या गादीचं नाव काढू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

तेव्हा सगळीकडे गाद्यांचे सेल लागले होते. त्यांनी जाहिराती कापून एका कागदावर तक्ता केला आणि शनिवारी मला बरोबर नेलं, टेपचं दुसरं टोक धरायला. पिशवीत हुकाचा वजनकाटाही होता. वजनाला घनफळानं भागलं की फोम किती दाट आहे ते कळतं, असं त्यांनी मला वाटेत समजावलं.

पहिल्या दुकानात चाळीस टक्के सूट होती. सहा इंचांची गादी टेपवर सव्वापाच भरली.

“साहेब, कव्हर धरून सहा,” सेल्समन म्हणाला.

“मग फोम काढून घ्या, आम्ही कव्हरवरच झोपतो,” स्टोअरकीपर म्हणाले.

दुसऱ्या दुकानात जुनी गादी द्या, नवी स्वस्तात न्या, अशी ऑफर होती. त्यांनी विचारलं, “आणि जुनी नसेलच तर?” तरी किंमत तेवढीच निघाली. जुन्या गादीचं म्हणून जे वजा होणार होतं, ते आधीच नव्या गादीवर चढवलेलं होतं.

तिसऱ्या दुकानात पाटी लहान होती. सूट वीस टक्के, वर दोन उशा, घरपोच मोफत. उंची बरोबर भरली. दोघा माणसांनी गादी दोरीला बांधून काट्याला लटकवली, वजनही बरोबर. सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं, पण स्टोअरकीपरांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. तेवढ्यात सेल्समननं साधं विचारलं, “झोपणार कोण?”

“मिसेस. पाठीचा त्रास आहे.”

“कुशीवर झोपतात की उताण्या? त्यावर मऊ द्यायची की कडक ते ठरतं.”

स्टोअरकीपर टेप हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” मी म्हणालो.

गादी न घेताच आम्ही परतलो. सोमवारी ते आले ते धुमसतच.

“घरी विचारलं मी. ही म्हणते, ‘डाव्या कुशीवर. गंमत बघा, धाकटीच्या नवऱ्यानंही पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं. म्हणून तर स्वतःची गादी मला दिली आणि आपण सोफ्यावर झोपला.’ ऐकलंत? माझ्या बायकोची कूस त्याला माहीत!”

“लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?”

“एकतीस.”

“मग तुम्हाला कशी माहीत नाही?”

“मी आधी झोपतो,” ते म्हणाले, आणि चालानं तपासायला लागले.

पुढच्या रविवारी ते वहिनींना घेऊन तिसऱ्या दुकानात गेले. चारचौघांत आडवं व्हायला वहिनी लाजत होत्या. चपला काढून, पदर सावरून पहिल्या दोन गाद्यांवर नुसत्या टेकल्या. तिसरीवर मात्र डाव्या कुशीवर झाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

“हीच,” त्या म्हणाल्या. “धाकटीकडची हीच आहे.”

स्टोअरकीपरांनी गादीच्या कडेचं लेबल वाचलं, मग सेल्समनला हळूच म्हणाले, “अगदी अशीच, पण दुसरी दाखवा.”

“अहो,” वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, “पाठ माझी आहे.”

मग काय, तीच घेतली. पण एक समाधान त्यांनी शोधलंच. साडूनं गादी सेलच्या आधी, पूर्ण किमतीला घेतली होती, उशांशिवाय. संध्याकाळी त्यांनी साडूला आपणहून फोन लावला. सूट, दोन उशा, घरपोच मोफत, सगळं एकेक करून, मध्ये थांबत थांबत सांगितलं. स्टोअरकीपर कान देऊन होते.

आणि साडू हसला, नेहमीसारखाच. “दादा, कमाल केलीत! अगं ए, ऐकलंस का, दादांनी बघ काय सौदा केला! मी आपला गेलो नि उचलून आणली. आता सोफा घ्यायचाय, तुम्ही चलाच बरोबर. माझं काही खरं नाही.”

दुसऱ्या दिवशी हे सांगताना स्टोअरकीपरांचा आवाज चढला होता. “एवढी यातायात केली मी. माणसानं थोडं तरी जळायला नको?”

“मग जाणार आहात का सोफ्याला?”

“जावंच लागेल. नाहीतर तो पहिल्याच दुकानातला पहिलाच उचलून आणेल, आणि तो चांगला निघेल.”

“आणि वहिनींची पाठ?”

“ती बरी आहे हो,” ते घाईनं म्हणाले, जसा काही मी विषय बदलला होता, आणि कोऱ्या कागदावर सोफ्याच्या दुकानांची नावं लिहायला लागले.